‘लांबण’चा उत्तरार्ध

९ जानेवारी

चि. खारी,

तुला आणि तुझ्या पाठीला पाठ लावून बसलेल्या घुम्याला मिळून एकच मोठा आशीर्वाद पाठवतो आहे. वाटून घ्या, भांडू नका.

तुमची तेरावी तबकडी मंगळवारी पोचली. पोस्टमन म्हणाला, “मास्तर, पुतण्यांचा ठोका आला वाटतं!” मी त्याला थांबवून सांगितलं की हा नुसता ठोका नव्हे, याला ट्रान्स म्हणतात, त्यात माणसाची तंद्री लागते. तो म्हणाला, “लागत असेल,” आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

दुपारचा चहा घेतला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो आणि डोळे मिटून ऐकली. खारी, तुमचा तो एकसारखा ठोका सुरू झाला की मला माझा वर्ग दिसायला लागतो. चौथा तास, खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची धूळ तरंगतेय, मी टेबलावर पट्टीने ताल धरलाय आणि चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत. शेवटचा बाक नेहमी अर्धा ठोका मागे असायचा. सगळ्यांची ओळ संपली की मागून त्यांचं शेवटचं अक्षर येऊन पोचायचं. तुमच्या तबकडीतही प्रत्येक सुरामागे तसाच एक उशिरा पोचणारा सूर आहे. हा माझा शेवटचा बाक तुमच्या यंत्रात कुठून शिरला?

तुमचे आईवडील गेले आणि तुम्ही दोघं माझ्याकडे आलात, तेव्हा तू अकराची आणि तो आठाचा. तू खारीसारखी घरभर पळायचीस, आणि हा फ्रिजला कान लावून तासन्‌तास बसायचा, तोंडातून शब्द नाही. जेवायला बसला की ताटावर चमच्याने टक टक टक टक. “अरे, काय ही लांबण लावलीयस!” असं मी रोज ओरडायचो. पुढे तेच नाव तुम्ही तुमच्या जोडीला द्याल हे तेव्हा कुणाला ठाऊक!

आता परीक्षण. सुरुवातीला दोन मिनिटं नुसता ठोका आहे. दार उघडेपर्यंत कुणी कडी वाजवत राहावं तसं वाटतं. त्याचे गुण कापले आहेत. पण शेवट! सहा वर्षं मी हेच सांगत आलोय की तुमच्यासारखा शेवट कुणाला जमणार नाही. सूर चढत चढत जातो, आता सम येणार म्हणून आपण मान वर करतो, आणि काही नाही. सगळं शांत. नदी वळणाआड गेली आणि आपण काठावर एकटेच. मी दोन क्षण तसाच बसतो, मग उठून कपाटावरचं यंत्र बंद करतो, उगाच मोटार कशाला फिरत ठेवायची?

दहापैकी सात.

तुमचा,
काका


२ फेब्रुवारी

ती. काका,

पाया इथूनच पडते. घुम्याही पडतोय असं समजा, कारण त्याला विचारायची सोय नाही.

आशीर्वाद वाटून घ्या म्हणालात, पण वाटणी करायला बोलावं लागतं, आणि आमचं बोलणं अकरा दिवस बंद आहे. टायरच्या दुकानावरची तीच खोली, भिंतींना लावलेल्या त्याच गाद्या, तीच दोन टेबलं. मधल्या यंत्रावर चिठ्ठ्या ठेवतो. मी लिहिते, ‘चहा संपलाय.’ तो लिहितो, ‘माहीत आहे.’

भांडणाचं कारण सांगते. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचे साहेब आमच्या खोलीत आले होते. चक्क जिना चढून! त्यांना आमच्या आठ रचना घेऊन रेकॉर्ड काढायची आहे, आणि त्याआधी एप्रिलमध्ये मोठ्या मैदानावर, भर दुपारी, चार हजार लोकांसमोर कार्यक्रम. काका, तुम्हांला आमची आजवरची कारकीर्द ठाऊक आहे. फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं तेव्हा गिऱ्हाइकांना वाटलं, आत सुतारकाम चालू आहे. दोन वर्षं बायकांच्या व्यायामवर्गात वाजवलं. तिथल्या बाई मध्येच ओरडायच्या, “आणि पोट आत!” सहा वर्षांनी पहिल्यांदा कुणी आम्हांला नुसतं ऐकायला बोलावतंय.

साहेबांची अट एकच आहे, कुठलीही रचना पाच मिनिटांवर जायला नको. आमची प्रत्येक नऊ मिनिटांची. घुम्या म्हणाला, “कापलं तर ते आपलं राहत नाही.” हे त्याचं या वर्षातलं सगळ्यांत लांब वाक्य. मी म्हटलं, मग काय, जन्मभर पोट आत घेणाऱ्या बायकांसाठीच वाजवायचं का? मी चौतिशीची झाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा अर्ज दिसला, भरलेला. महिनाअखेरपर्यंत ठरलं नाही तर साहेब दुसरीकडे जाणार, हा लिफ्टकडे जाणार आणि ‘लांबण’ संपली म्हणून समजा.

एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे, काका म्हणतील ते. तुम्ही आमचे पहिले श्रोते, सगळ्यांआधी तबकडी तुम्हांलाच येते. म्हणून चौदावी रचना दोन प्रकारे करून पाठवतेय. एकीवर ‘अ’ लिहिलंय, दुसरीवर ‘ब’. एक नऊ मिनिटांची, एक कापलेली. कुठली कुणाची ते सांगत नाही. परीक्षेत नाव झाकतात ना, तसं.

लाल पेन्सिलीला टोक करा.

खारी


१५ फेब्रुवारी

चि. खारी,

तुला आणि मुक्या सहकाऱ्याला आशीर्वाद.

टोक केलं. दोनदा केलं, पहिलं उत्साहात मोडलं.

दोन्ही तबकड्या चार-चार वेळा ऐकल्या. चार हजार लोक आणि तुमचं दोघांचं बोलणं, एवढं सगळं माझ्या निकालावर लटकलंय म्हटल्यावर परीक्षकाने हयगय करून कसं चालेल? तू म्हणतेस, त्यातली एक नऊ मिनिटांची आहे. मला दोन्ही चार-पाच मिनिटांच्याच वाटल्या, उलट ‘अ’ जरा लहानच वाटली. चांगल्या कवितेचं हेच तर लक्षण. तिच्यात शिरलं की घड्याळ हरवतं.

‘ब’ला साडेचार गुण. राग मानू नका, पण ‘ब’ला रीतभात नाही. सुरेख चढत गेली, शांत झाली, मी यंत्र बंद करायला उठलो, कपाटापर्यंत पोचलो, बोट बटणावर, आणि ही पुन्हा सुरू! निरोप घेऊन, चपला घालून निघालेला पाहुणा फाटकातून परत यावा आणि “बरं का, राहिलंच,” म्हणत पुन्हा खुर्चीत बसावा, तसं. बरं, परत येऊन नवीन काय सांगितलं? तेच, फक्त मोठ्या आवाजात.

‘अ’ला आठ. आजवर मी कुणालाही आठ दिले नाहीत. आटोपशीर! कुठे थांबायचं हे ‘अ’ला कळतं. जिथे थांबते तिथेच ती संपते, आणि त्यापुढे एक ठोकासुद्धा नको. वर्गात मी सांगायचो, पोरांनो, शेवटच्या ओळीनंतर जी शांतता असते ना, ती त्या कवितेचीच असते, तिच्यात खुर्च्या सरकवू नका.

निकाल झाला. आता बोला एकमेकांशी.

काका


१ मार्च

ती. काका,

नाचत नाचत पाया पडते!

आम्ही बोललो! आधी गडबड झाली, कारण तुम्ही नऊ मिनिटांच्या ‘अ’ला आटोपशीर म्हणालात. म्हणजे घुम्या जिंकला, पण साहेबांची अट काही जिंकली नाही. मी डोकं धरून बसले. मग तुमची सहा वर्षांची सगळी पत्रं काढली आणि गादीवर पसरली. काका, प्रत्येक पत्रात तुम्ही एकच गोष्ट सांगितलीय. नदी वळणाआड जाते. सम येत नाही. जिथे थांबतं तिथेच संपतं. सहा वर्षं तुम्ही सांगत होतात आणि आम्ही दोघं मठ्ठ!

म्हणून ठरवलंय, आठही रचना जिथे शांत होतात तिथेच संपवायच्या. त्यापुढे एक ठोकासुद्धा नको. आणि गंमत म्हणजे, ती जागा प्रत्येकीत साडेचार मिनिटांच्या आसपास येते. साहेब खूश. तुमचा शब्दही राहिला. मी घुम्याला विचारलं, “चालेल ना रे?” त्याने ही चिठ्ठी दिली. सोबत पाठवतेय.

खारी

(चिठ्ठी: ताई म्हणते तर ठीक. — घुम्या)


२४ एप्रिल

ती. काका,

मैदानावरचा कार्यक्रम झाला, तुम्हांला कळवायला हवं म्हणून लिहिते.

माणसं चार हजारांच्या वरच असतील. पहिली रचना शांत झाली तेव्हा सगळेच्या सगळे हात वर करून उभे राहिले. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कुणी जागचं हललं नाही. असा परिणाम आम्ही आजवर कुठेच पाहिला नव्हता. कंपनीचे साहेब तर अवाक् झाले, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

सध्या धावपळ आहे. सविस्तर नंतर लिहीन.

खारी


३ मे

चि. खारी,

तुम्हा दोघांना चार हजार आशीर्वाद!

तुझं पत्र मी शेजारच्या नर्सबाईंना वाचून दाखवलं. चाळीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई, सहसा कशाने हलत नाही, पण म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या शब्दाला वजन आहे हो.” मग पोस्टमनला थांबवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, “सगळ्यांचे हात वर? पोलीस आले होते का?” त्याला काव्य कळत नाही.

मी मात्र दोन दिवस त्या दृश्यातच आहे. भर दुपारचं मैदान, हजारो माणसं आणि ती शांतता. आयुष्यभर मी चाळीस पोरांना शेवटच्या ओळीनंतर गप्प बसवू शकलो नाही, आणि माझ्या पोरांनी चार हजारांना बसवलं.

घुम्याची चिठ्ठी या वेळी का नाही? एक ओळ तरी लिहायला सांग. रेकॉर्ड कधी निघते?

तुमचा अभिमानी,
काका


२० मे

ती. काका,

पाया पडते, पण आज रागाने.

मागच्या पत्रात मी एकही वाक्य खोटं लिहिलं नव्हतं. हात वर होते. कुणी हललं नव्हतं. पण काका, ते वाट बघत होते! सगळं शांत झालं की ठोका परत येतो, आणि तो परत आला की लोक उड्या मारतात, हे ट्रान्स ऐकणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या परत येण्यासाठीच तर ते ऊन डोक्यावर घेऊन आलेले असतात. आणि आम्ही तो आणलाच नाही.

पहिल्या रचनेला अर्धं मिनिट थांबले. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वर केलेल्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताने खाजवत होता, पण हात खाली घेईना. मग कुणीतरी ओरडलं, “लाइट गेली का?” झालं! मैदानाचा वायरमन धावत आला, आमच्या टेबलाखाली शिरला आणि एकेक प्लग काढून पुन्हा लावायला लागला. मी त्याला म्हणतेय, “दादा, असंच आहे ते,” आणि तो म्हणतोय, “ताई, तुम्ही घाबरू नका, मी आहे ना.” दुसऱ्या रचनेला लोक हसले. तिसरीला त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवून ठोका धरला आणि आमच्याशिवाय नाचले. साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना म्हणाले होते ना, तो नंतर फुटला. “माल अर्धाच आणलात का हो?” रेकॉर्ड काढणार नाही म्हणून त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

सामान आवरताना मी घुम्याला म्हटलं, “म्हाताऱ्याचं ऐकायला नको होतं. काका वाट्टेल ते लिहितात. त्यांना यातलं काही कळत नाही.” काका, असं बोलले मी. त्याने हेडफोन पिशवीत घातले आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टच्या कंपनीत जातोय. पाच आठवडे झाले, आता चिठ्ठीही नाही. त्याच्या टेबलावर धूळ बसलीय.

तुम्हांला बोल लावायला लिहीत नाही, पण एवढं सांगा, परत आलेला ठोका तुम्हांला का आवडत नव्हता? पहिली साडेचार मिनिटं आम्ही तो यावा म्हणूनच तर रचत होतो.

खारी


२ जून

चि. खारी,

आज आशीर्वाद द्यायचा धीर होत नाही. आधी हे वाच.

‘ठोका परत येतो’ हे तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं. कुठून परत येतो? माझ्याकडे तर कधी आला नव्हता, फक्त त्या ‘ब’मध्ये आला होता, तो आगंतुक. मला वाटलं, तू रागात काहीतरी लिहून गेलीस. तरी खात्री करावी म्हणून ‘अ’ लावली आणि नर्सबाईंना शेजारी बसवलं.

चढत चढत गेली. शांत झाली. मी म्हटलं, “पाहा, संपली,” आणि उठायला लागलो.

नर्सबाई म्हणाल्या, “बसा खाली. कुठे संपलीय? चालू आहे.”

“काही ऐकू येत नाही.”

“तुम्हांला येत नसेल. बारीक गुणगुणतंय. मी रात्रपाळीला कण्हणं ऐकून खाटेचा नंबर सांगायची, मला शिकवू नका.”

मी बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. माझ्या कानांनी शपथेवर सांगितलं असतं की खोलीत काही नाही. नर्सबाई मात्र मान हलवत होत्या. मग खूप लांबून काहीतरी आलं, जिन्यावर पावलं वाजावीत तसं, आणि एकदम सगळं दारातून आत आलं! मी खुर्चीचे हात धरून बसलो. खारी, ते ‘तेच, फक्त मोठ्या आवाजात’ नव्हतं. मधली सुट्टी संपून पोरं वर्गात परत येतात ना, चेहरे तेच, पण घामेजलेले, लाल झालेले, कुणी भांडून, कुणी मैत्री करून आलेला, आणि वर्ग पहिल्या तासाचा राहिलेला नसतो, तसं होतं ते.

मग तीन दिवस बसून मी चौदाही तबकड्या पुऱ्या ऐकल्या. म्हणजे सहा वर्षं काय करत होतो मी? अर्धी उत्तरपत्रिका तपासून गुण देत होतो! मास्तराला याहून मोठा गुन्हा नाही. पानाच्या तळाशी ‘मागे पाहा’ लिहिलेलं असतं आणि परीक्षक पान उलटतच नाही. वर त्या पोराला सांगतो, वा, काय संयम आहे तुझ्या लेखणीत! तुम्ही चार हजार लोकांपुढे पडलात ते माझ्या कानांमुळे. कान गेलेत हे मला ठाऊक होतं. पोस्टमन ओरडून बोलतो ते त्याचा स्वभाव म्हणून नव्हे. पण कबूल कोण करतो?

गुण द्यायचा अधिकार आजपासून संपला. लाल पेन्सील नर्सबाईंना दिली, त्यांनी तिने दुधाचा हिशेब लिहायला घेतला.

एक कर. हे पत्र घेऊन घुम्याकडे जा. तो जिथे असेल तिथे उभी राहून मोठ्याने वाचून दाखव. चूक तुझी नव्हती, त्याची नव्हती. यात तुमची जोडी मोडली तर मी तुझ्या वडलांना वर जाऊन काय तोंड दाखवू?

काका


१८ जून

ती. काका,

आज दोघांचा मिळून नमस्कार. कसा ते सांगते.

तुमचं पत्र घेऊन मी घुम्याच्या कामावर गेले. अकरा मजली इमारत आहे. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं, पुढे ‘काम चालू आहे’ची पाटी, आणि हा खाली खड्ड्यात, डोक्याला बॅटरी बांधून. मी काठावर गुडघे टेकून बसले आणि अथपासून इतिपर्यंत वाचलं. भाजीची पिशवी घेऊन लिफ्टसाठी थांबलेल्या एक आजी होत्या, त्याही ऐकत होत्या. नर्सबाईंच्या वाक्याला हसल्या.

मी वाचून थांबले. खालून आवाज आला, “माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“काका मध्येच बंद करतात ते.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं. ते आजारी होते तेव्हा मी आठवडाभर गेलो होतो ना.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

काका, मी पाटी उचलली होती. आजी म्हणाल्या, “अहो बाई, त्याला नंतर मारा. आधी लिफ्ट सुरू करू द्या, मला नवव्या मजल्यावर जायचंय.”

मग तो बोलला. सलग बोलला, काका! मी जन्मात त्याच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं. म्हणाला, “ताई, त्यांनी यंत्र बंद केलं आणि परत खुर्चीत बसले. डोळे मिटलेले. आणि त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर वाजत होतं. चार-साडेचार मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. माझ्या ठोक्याहून जलद, मध्येच अडखळायचं, पुन्हा धरायचं. रोज तसंच. उरलेला अर्धा भाग ते मनात स्वतः रचत होते. माझ्यापेक्षा चांगला असेल. मी कशाला सांगू?”

“मग कापायला हो का म्हणालास?”

“तू इतक्या दिवसांनी हसून बोललीस.”

“आणि सोडून का गेलास?”

“तू म्हणालीस, काकांना काही कळत नाही. कळतं हे सांगायचं तर बंद करतात हेही सांगावं लागलं असतं.”

मी तिथेच फतकल मारून रडायला लागले. आजींनी पिशवीतून गाजर काढून दिलं, खा म्हणाल्या.

त्याने नोकरी सोडलीय. त्या लिफ्टचं काम पुरं करूनच सोडली, आजींना स्वतः नवव्या मजल्यावर पोचवून आला. आता पुन्हा पाठीला पाठ लावून बसतो. स्केटिंगच्या रिंगणात ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी वाजवायला बोलावलंय, दोनशे माणसं असतील, आणि कितीही लांब वाजवा म्हणालेत. त्यासाठी पंधरावी रचना चालू आहे. पण पूर्वार्ध झाल्यावर घुम्या हात बांधून बसलाय. म्हणतो, या वेळी उत्तरार्ध काकांचा. तुमचं बोट कसं वाजायचं ते लिहून पाठवा. अडखळणं गाळायचं नाही, ते त्याला मुख्य हवंय.

म्हाताऱ्याला काही कळत नाही असं म्हणणारी,
खारी


५ जुलै

चि. खारी आणि चि. घुम्या,

आता धीराने, भरभरून आशीर्वाद.

घुम्या, खड्ड्यातून का होईना, तू बोललास हे वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तू मागितलंस ते सोबतच्या तीन कागदांवर आहे. मला तुमच्या यंत्रांची भाषा येत नाही, म्हणून वृत्तं शिकवताना फळ्यावर काढायचो त्या लघु-गुरूच्या खुणांत मांडलंय. आडवी रेघ म्हणजे लांब, अर्धचंद्र म्हणजे आखूड, आणि जागा मोकळी सोडलीय तिथे बोट थांबलं होतं. कुठल्याच वृत्तात बसत नाही, मी बसवून पाहिलं. तू बसव.

रिंगणातल्या कार्यक्रमाला मी येणार आहे. नर्सबाईही येताहेत. मधल्या शांततेत त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवून चालू असल्याची खूण करणार आहेत.

खारी, घुम्याला इथपर्यंत वाचून दाखव आणि कागद घडी करून ठेव. पुढचं तुझ्यापुरतं.

ते बोट मी वाजवत नव्हतो. गेली तीन वर्षं हात स्वस्थ ठेवला की ते आपोआप हलतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. आणि डोळे मिटून मी मनात काही रचत वगैरे नव्हतो गं, त्या वेळी मला बहुतेक झोप लागलेली असायची. हे त्या पोराला कसं सांगू? त्याने माझ्या डुलकीत काव्य पाहिलं, आणि ते झाकायला नोकरी पत्करली. आयुष्यात मला एवढा मोठा मान कुणी दिला नाही, आणि तो मी झोपेत मिळवला.

पण कागदावर खोटं काही नाही, तुझ्या गळ्याची शपथ. आठवून रचलं असतं तर ते खोटं झालं असतं. म्हणून तीन दुपारी मी खुर्चीत हात ठेवून नुसता बसलो, आणि नर्सबाईंनी शेजारी बसून बोटाची प्रत्येक हालचाल टिपली, तापाचा तक्ता भरतात तशी. नंतर मी खुणा घातल्या.

त्या आता रागावल्या आहेत. डॉक्टरांनी कंप थांबायच्या गोळ्या दिल्यात, त्या मी घेत नाही. घुम्याला एखादी ओळ पुन्हा टिपून हवी असली तर काय करायचं? रचना पुरी झाली की घेईन, असं त्यांना सांगितलंय. तेव्हा त्याला म्हणावं, घाई करू नकोस, हवा तेवढा वेळ घे. तुला म्हणून सांगतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तेव्हा जरा आटपा.

काका